घरात फोडणी बंद

लेकराला माता आली की आमच्या घरात सगळ्यात आधी फोडणी बंद व्हायची. तेलाचा, हिंगाचा, लसणाचा वास घरात नको. "फोडणीचा वास मातेले चालत नाई," आजी म्हणायची, आणि तिच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. कांजिण्यांना ती माताच म्हणे.

दारव्ह्याकडचं आमचं गाव. फरदडीचा, म्हणजे शेवटच्या वेचणीचा, कापूस घरात यायचा, उन्हं तापायला लागायची आणि त्याच सुमारास कुणाच्या तरी पाठीवर पहिला पाणीदार फोड दिसायचा. आजी दाराला कडुनिंबाचा डहाळा अडकवायची. तो पाहून आलेला माणूस उंबऱ्यावरूनच माघारी फिरे. आजीच्या जुन्या लुगड्याची मऊ घडी, तिच्यावर निंबाचा पाला आणि त्यावर लेकरू. जेवायला ज्वारीच्या कण्या आणि ताक. रात्री खाज अनावर झाली की आजी उठून बसायची. कोवळी डहाळी पाठीवरून हलकेच फिरवायची. "खाजवू नको रे बापू, वण राहीन तोंडावर." धाकट्याचे हात तिने धोतराच्या चिंधीत बांधून ठेवलेले मला आठवतात. तो धाकटा म्हणजे मी की माझा भाऊ, यावर आमच्यात अजून वाद आहे.

खपल्या धरल्या की निंबाच्या पाण्याची आंघोळ, आणि ओल्या डोक्यानेच गावाबाहेरच्या मातामायला दहीभात. त्या दिवशी संध्याकाळी घरात पहिली फोडणी पडायची. तसं वरण मी पुन्हा कुठे खाल्लं नाही.

कांजिण्यांना आजी इतकी का भ्यायची, हे मला फार उशिरा समजलं. तिने थोरली माता पाहिली होती, म्हणजे देवी. तिची बहीण देवीत गेली, असं ती सांगायची. कधी म्हणायची, बहिणीचे डोळे गेले. बहिणी दोन होत्या की एकच, हे सांगायला आता कुणी उरलं नाही. मुंबईत १८०२ साली ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, ती हिंदुस्थानातली पहिली. पण पुढे शंभरावर वर्षं उलटल्यावरही टोचणीवाला गावात आला की आमच्याकडे पोरं कापसाच्या ढिगात लपवत. आजी स्वतः तशी लपली होती. शेवटी सापडलीच. तिच्या दंडावरचे गोल वण आम्ही बोटाने चाचपून पाहायचो.

१९७५ च्या सुमारास भिंतीभिंतींवर रंगवलेलं असे, देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा. हजार रुपये! शेजारच्या पोराच्या अंगावर फोड दिसताच धाकटा काका धावत वर्दी द्यायला गेला. आरोग्य खात्याचा माणूस सायकलवर आला. त्याने पोराचे तळहात पाहिले, तळपाय पाहिले, सदरा वर करून पाठ पाहिली. देवीचे फोड चेहऱ्यावर, हातापायांवर जास्त, तळव्यांवरही, आणि एका जागचे सगळे एकाच वयाचे. कांजिण्यांचे पोटापाठीवर दाट. एक नुकता उठलेला, दुसरा पिकलेला, तिसऱ्यावर खपली. "देवी नाही काकू, कांजिण्या आहेत," तो म्हणाला. काकाचे हजार रुपये गेले, पण आजीने त्या माणसाला चहा पाजला, घरात माता असल्यासारखी हात जोडून उभी राहिली. मे १९८० मध्ये देवी जगातूनच गेली, असं जाहीर झालं. आजीला ते कुणी वाचून दाखवलं का, ठाऊक नाही.

कांजिण्यांसाठीच्या तिच्या रीतींतलं बरंच आजही डॉक्टर सांगतात. लेकरू वेगळं ठेवा, मऊ सुती कपडा, हलकं जेवण, भरपूर पाणी. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा नाही. फक्त हा आजार पुरळ दिसण्याआधीच एक-दोन दिवस हवेतून पसरू लागतो, म्हणून डहाळा लागेपर्यंत शेजारच्या पोरांना तो लागलेला असे. त्यांच्या अंगावर उठायला मग १० ते २१ दिवस. नखं कापावीत, कोमट पाण्याने रोज अंग धुवावं, खाजेवर कॅलामाइन लावावं. तापाला पॅरासिटामॉल चालतं, ॲस्पिरिन मात्र मुलांना मुळीच देऊ नये. त्याने यकृताला आणि मेंदूला इजा होऊ शकते.

माता आली की औषध द्यायचं नाही, ही आजीची मनाई मला तेवढी आजही बोचते. त्याच काकाला लग्नानंतर कांजिण्या निघाल्या. मोठ्या माणसाला त्या जड जातात. त्याला दम लागला, तरी घरात "माता कोपेल" हेच चाललेलं. अखेर आजोबांनी त्याला शकुंतला रेल्वेत बसवून यवतमाळला नेलं, म्हणून वाचला. दम लागला, लेकरू सुस्त पडलं, फोडाभोवती लाली चढून पू धरला, तर निंबाच्या पाल्यावर थांबू नये. गरोदर बाई आणि तान्हं बाळ यांना तर रोग्याच्या वाऱ्यालाही ठेवू नये.

आणखी एक. म्हातारपणी आजोबांना कमरेला नागीण झाली. गेरूचे लेप झाले, नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, या समजुतीने घर धास्तावलं. काही दिवसांनी नातवाच्या अंगावर कांजिण्या! बालपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंजवळ वर्षानुवर्षं दबून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो, आणि तिच्या फोडांतून लेकरांना कांजिण्या देऊ शकतो, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

जपानच्या मिचिआकी ताकाहाशींनी आपल्या लहान मुलाचे कांजिण्यांतले हाल पाहिले आणि १९७४ मध्ये लस पुढे आणली. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ पहिला डोस १५ ते १८ महिन्यांच्या वयात आणि पुढे दुसरा देतात. सरकारच्या नेहमीच्या फुकट लसींत ती नाही. दाम मोजून खासगीत घ्यावी लागते. "फरदडीच्या पैशात दोन लेकरांचं कसं भागवू, भाऊजी?" असं गावाकडची वहिनी विचारते. तिला सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. गोवराची सुई अंगणवाडीत फुकट मिळते, तशी हीसुद्धा मिळायला हवी, असं मी भेटेल त्या डॉक्टरला म्हणत असतो.