हुंडेकरी : एका विस्मृत व्यवसायाची गोष्ट

'हुंडा' हा शब्द आज आपल्या कानाला लग्नाच्या बाजारातलाच वाटतो. पण ठोक रकमेचा करार, मक्ता, हाही त्याचा एक अर्थ होता आणि त्यातूनच 'हुंडेकरी' आला. हे आडनाव महाराष्ट्रात अजून आढळते. व्यवसाय मात्र बहुतेकांच्या स्मरणातून गेला आहे.

पेशवाईत जकात एका ठिकाणी भरून सुटका होत नसे. बंदरावरून घाट चढून देशावर येणाऱ्या बैलांच्या तांड्याला वाटेतल्या निरनिराळ्या ठाण्यांवर, निरनिराळ्या मक्तेदारांना पैसे मोजावे लागत. व्यापाऱ्याने प्रत्येक नाक्यावर हुज्जत घालत बसायचे, की धंदा करायचा? इथे हुंडेकरी उभा राहिला. एकरकमी मोबदला घेऊन माल मुलुखातून पार करून देण्याची हमी तो देई, आणि जकातीच्या मक्तेदारांशी परस्पर हिशेब ठेवी. पेशवाईच्या अस्तानंतर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 साली जो अहवाल लिहिला, त्यात या वर्गाची दखल आहे. देय रकमेला मक्तेदारांपुढे जबाबदार हुंडेकरीच असत, हेही त्याने नोंदवले आहे.

हुंडेकऱ्याचे भांडवल कोणते, हा खरा प्रश्न. माझ्या मते बैल हे त्याचे मुख्य भांडवल नव्हेच. नाक्यानाक्यावरची ओळख आणि उधारीवर विश्वास ठेवणारी माणसे, हेच त्याचे धन. व्यापारी त्याला पैसे देई ते वाहतुकीपेक्षा या ओळखींच्या जाळ्याचे. हुंडीचा कागद ज्या पतीवर चाले, तीच पत इथे मालाच्या रूपाने चालत होती.

मुंबई इलाख्यातल्या मार्गजकाती 1838 च्या सुमारास उठल्या. पुढे 1853 मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली. हुंडेकऱ्याची गरज सरली, असे आपण सहज म्हणून जातो. पण विक्रोळीकडे पाहावे. एका अंगाला मध्य रेल्वे, दुसऱ्या अंगाला जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादुर शास्त्री मार्ग. पिरोजशा गोदरेज यांनी 1943 मध्ये इथे जमीन घेतली आणि पुढे कारखाने उभे राहिले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या बारा लाखांहून अधिक मतपेट्या 1951 मध्ये इथेच घडल्या व देशभर गेल्या. (लोकशाहीच्या इतिहासात मालवाहतुकीला सहसा ओळसुद्धा मिळत नाही. असो.)

या रस्त्याने शहरात येणारा ट्रक मुलुंडच्या जकात नाक्यावर थांबे. ही जकात मार्गावरची नव्हे, नगरप्रवेशाची. पण तिच्याभोवतीही तीच मंडळी जमली: कागद भरणारे, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या वतीने पैसे भरून नंतर हिशेब करणारे दलाल. मालाची बिल्टी, परतीचे भाडे मिळवून देणारा बुकिंग एजंट, पेढीवरची तोंडओळख यांवर छोटा वाहतूकदार तगून राहिला. एकदोन ट्रकांच्या मालकाला रिकामी गाडी परत आणणे परवडत नाही. परतीचा माल त्याला ओळखीतूनच मिळे, आणि त्याबद्दल दलालीही मोजावी लागे. या जाळ्याचा लाभ सर्वांना सारखा नव्हता, हे विसरू नये.

शहराच्या जकातीबाहेर राहण्याच्या सोयीमुळे, आणि स्वस्त जमिनीमुळेही, भिवंडीची गोदामे फोफावली. वर्षाकाठी सात हजार कोटींच्या घरात उत्पन्न देणारी मुंबईची जकात 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कराबरोबर बंद झाली. गोदामे भिवंडीतच राहिली.