स्पोर्ट्‌स कारची बॅटरी घरी बदलताना

यवतमाळ जिल्ह्यात स्पोर्ट्‌स कार विरळाच. मात्र ज्याच्या दारी ती आहे, त्याची अडचण महानगरातील मालकापेक्षा मोठी असते. अशा गाड्यांची अधिकृत सेवा केंद्रे बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत. बॅटरी उतरली, तर केवळ तेवढ्यासाठी गाडी ट्रकवर चढवून न्यायची की घरीच बदलायची, हा प्रश्न उभा राहतो. हे काम घरी करता येते. पण त्यात कौशल्यापेक्षा क्रमाला महत्त्व आहे. क्रम चुकला तर हजारांच्या बॅटरीपायी लाखांचे इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

उन्हाचा परिणाम

मे महिन्यात यवतमाळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापमान १० अंशांनी वाढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. उष्णतेने आतील जाळ्या गंजतात आणि पाणी आटते. त्यातच अशा गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या असतात. अलार्म व कुलूपयंत्रणा मात्र सतत थोडी वीज घेत राहते. बॅटरी बदलण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासणी करावी. काही तास विश्रांती मिळालेल्या पूर्ण भारित बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात, १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली. पूर्ण चार्ज करूनही ती लगेच उतरत असेल, तरच नवी घ्यावी.

बॅटरी असते कोठे?

वजन दोन्ही चाकांच्या जोड्यांवर समतोल राहावे आणि बोनेट बुटके राहावे, म्हणून स्पोर्ट्‌स कारमध्ये बॅटरीला अवघड जागा मिळते. २०१२च्या दिल्लीतील ऑटो एक्स्पोमध्ये मांडलेल्या डीसी अवंतीप्रमाणे काही गाड्यांत इंजिनच आसनांच्या मागे असते. पोर्शेच्या ९११ व बॉक्सटर या गाड्यांत इंजिन मागे वा मध्यभागी, तर बॅटरी पुढील डिकीत काचेलगतच्या झाकणाखाली असते. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत ती मागील डिकीत असते.

येथे खरी मेख आहे. पोर्शेच्या अनेक मॉडेलांत पुढील डिकीचे कुलूप विजेवर उघडते. बॅटरी पूर्ण उतरली की डिकी उघडत नाही आणि डिकी उघडल्याशिवाय बॅटरी हाती लागत नाही! यासाठी पायांजवळील फ्यूजपेटीत बाहेर ओढता येणारे एक अधिक टर्मिनल दिलेले असते. दुसऱ्या १२ व्होल्ट बॅटरीची अधिक तार त्याला व उणे तार दाराच्या धातूच्या कडीला जोडली की डिकी उघडता येते. या वेळी अलार्म वाजू शकतो. तो किल्लीने बंद करावा. ही जोडणी केवळ डिकी उघडण्यासाठी आहे. तिच्यावर सेल्फ कधीही मारू नये. नेमकी जागा मॉडेलागणिक बदलत असल्याने आधी गाडीची पुस्तिका पाहावी.

बदलण्याचा क्रम

गाडी सावलीत, हवेशीर जागी उभी करावी. चार्जिंगवेळी बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांहून अधिक झाला की पेट घेऊ शकतो. म्हणून जवळ विडी-सिगारेट वा ठिणगी नको. हातमोजे व चष्मा घालावा. अंगठी, घड्याळ काढून ठेवावे. किल्ली डिकीत ठेवू नये. इग्निशन बंद करून काही मिनिटे थांबावे, म्हणजे गाडीतील संगणक ‘झोपतात’.

प्रथम उणे टर्मिनल सोडवावे, नंतर अधिक. उलट केल्यास अधिक टर्मिनलवरील पाना गाडीच्या पत्र्याला टेकून शॉर्ट सर्किट होते. त्यानंतर तळाची पकड सोडवावी. ही बॅटरी १५ ते २५ किलोंची असते आणि खोल जागेतून वाकून उचलावी लागते. तेव्हा दुसऱ्या व्यक्तीची मदत घ्यावी. ती आडवी करू नये. टर्मिनलवरील पांढरा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडा करावा. नवी बॅटरी बसवताना आधी अधिक व शेवटी उणे टर्मिनल जोडावे.

बंदिस्त डिकीतील बॅटरीला वायू बाहेर नेणारी बारीक नळी असते. ती पुन्हा जोडलीच पाहिजे. मूळ बॅटरी एजीएम प्रकारची असल्यास त्याच प्रकारची, त्याच मापाची घ्यावी. काम संपेपर्यंत डिकी बंद होऊ देऊ नये. बिनचौकटीच्या काचा असलेल्या गाड्यांचे दारही वीज नसताना जोरात लावू नये. एरवी किंचित खाली सरकणारी काच अशा वेळी जागची हलत नाही आणि रबराला लागते.

बदलल्यानंतर

रेडिओचा संकेतांक पुन्हा मागितला जाऊ शकतो. खिडक्यांची आपोआप चढ-उतार पुन्हा शिकवावी लागते. बीएमडब्ल्यू, ऑडी यांसारख्या अनेक गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद निदानयंत्राद्वारे संगणकात करावी लागते. अन्यथा गाडी जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चार्जिंग करत राहते आणि नवीही लवकर निकामी होते. नोंदीची सोय नसेल, तर हे काम घरी न केलेलेच बरे.

जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नये. तिच्यातील शिसे व गंधकाम्ल माती आणि विहिरीच्या पाण्यास घातक असते. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती इतर कचऱ्यात न मिसळता संकलन वा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे देणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे जमा केल्यास किमतीतही सूट मिळते. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल, तर बॅटरी भारित ठेवणारा स्वयंचलित चार्जर लावावा. उन्हाळ्यात एवढी काळजी घेतली, तरी ही सारी खटपट बरीच लांबणीवर पडते.