सहा महिन्यांची वाट

"सहा महिन्यांचा झाला की आणा," आमच्या मोत्याला बघून ट्रेनर म्हणाले होते. हा नियम आला कुठून, ते शोधण्यात परवाचा शनिवार गेला.

१९१० साली जर्मनीत कोनराड मोस्टचं पुस्तक आलं. पोलिसी कुत्र्यांची पद्धत, पट्ट्याला झटका देऊन शिकवायचं. पुढे वर्गांतही तेच. पिल्लाची मान झटका कशी सोसणार? म्हणून थांबा! (म्हणजे बग पद्धतीत आणि दोष वयाला.)

१९६५ मध्ये अमेरिकेत स्कॉट आणि फुलर यांनी मांडलं, की माणसांची ओळख व्हायचं वय साधारण तिसरा ते बारावा आठवडा. तरी ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियात इयान डनबार या पशुवैद्याने पिल्लांना पट्टा सोडून, खाऊ देऊन शिकवेपर्यंत फारसं काही हललं नाही.

मोत्या आता चार वर्षांचा आहे. बेल वाजली की अजून पलंगाखाली जातो.