ज्यूविरोधी मनोवृत्तीचे मापन : जनमत-सर्वेक्षणांच्या इतिहासाचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
‘अँटिसेमिटिझम’ हा शब्द जर्मन पत्रकार विल्हेल्म मार याने १८७९ च्या सुमारास रूढ केला. त्या काळी ज्यूद्वेष लपविण्याची गरज फारशी कोणाला वाटत नव्हती. मार याने बर्लिनमध्ये स्थापन केलेल्या संघटनेच्या नावातच हा शब्द होता. सुमारे साठ लाख ज्यूंच्या हत्येनंतर, म्हणजे १९४५ नंतर, स्वतःला उघडपणे ज्यूद्वेष्टा म्हणविणारा मनुष्य युरोप-अमेरिकेत दुर्मिळ झाला. जी भावना माणूस कबूल करीत नाही ती मोजावयाची कशी, हा प्रश्न तेव्हापासून संशोधकांपुढे आहे. सर्वेक्षणांतील टक्केवारी आज ऐतिहासिक साधन म्हणून सर्रास वापरली जाते. तथापि ताम्रपटाला जी साधनचिकित्सा लावली जाते, ती या आकड्यांना क्वचितच लावली जाते.

आरंभीच्या मापनश्रेणी :
बर्कली येथील डॅनिएल लेव्हिन्सन व नेव्हिट सॅनफर्ड यांनी १९४४ मध्ये ज्यूविरोध मोजण्याची श्रेणी प्रसिद्ध केली. पुढे अडोर्नो व फ्रेंकेल-ब्रुन्सविक यांच्यासह सिद्ध झालेल्या ‘द ऑथॉरिटेरियन पर्सनॅलिटी’ (१९५०) या ग्रंथात तिला मध्यवर्ती स्थान मिळाले. ज्यूंविषयीची विधाने उत्तरदात्यापुढे ठेवून सहमतीच्या तीव्रतेनुसार गुण देणे, अशी ही पद्धती होती. ज्यू इतरांपासून फटकून राहतात आणि ज्यू इतरांत नको तितके घुसतात, ही परस्परविरोधी विधाने एकाच व्यक्तीला मान्य असतात, असे तीत आढळले. यावरून पूर्वग्रहाला तर्काची आवश्यकता नसते, असा अर्थ संशोधकांनी काढला. मात्र श्रेणीतील सर्व विधाने ज्यूंच्या विरोधातीलच होती. प्रत्येक विधानाला होकार देण्याची ज्याची प्रवृत्ती आहे, तोही त्यामुळे द्वेष्ट्यांतच गणला जाई. पुढे टीकाकारांनी हा दोष निदर्शनास आणला व तो रास्तच होता.

याच सुमारास, १९४६ च्या डिसेंबरमध्ये, जर्मनीच्या अमेरिकी विभागात लष्करी प्रशासनाने केलेल्या पाहणीत १८ टक्के लोक तीव्र ज्यूविरोधी व २१ टक्के ज्यूविरोधी ठरले. ज्यांच्यावर जेत्यांची सत्ता होती अशा लोकांनी जेत्यांच्याच मुलाखतकारांना दिलेली ही उत्तरे होत, हे येथे विसरता येत नाही.

उंबरठ्याचा प्रश्न :
अमेरिकेतील अँटी-डिफेमेशन लीगच्या साहाय्याने १९६४ मध्ये झालेल्या सर्वेक्षणातून अकरा विधानांचा निर्देशांक तयार झाला. त्यांपैकी सहा किंवा अधिक विधाने ‘बहुधा खरी’ मानणारी व्यक्ती ज्यूविरोधी, असा लीगचा निकष आहे. त्यानुसार अमेरिकेतील प्रमाण १९६४ मध्ये २९ टक्के, तर १९९८ मध्ये १२ टक्के होते. पाच विधाने मान्य करणारा मनुष्य मात्र या हिशेबात निर्दोष ठरतो! हाच निर्देशांक २०१४ मध्ये शंभरावर देशांत वापरला गेला व जगातील २६ टक्के प्रौढ ज्यूविरोधी असल्याचे जाहीर झाले. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा आकडा ४६ टक्क्यांवर गेला. २०१४ च्या उत्तरदात्यांपैकी ७४ टक्के लोकांना एकही ज्यू व्यक्ती कधी भेटलेली नव्हती. अशा ठिकाणी ‘बहुधा खरे’ या उत्तरामागे द्वेष किती व ऐकीव समजूत किती, हे निर्देशांकावरून कळत नाही.

शब्दरचनेतून जन्मलेला आकडा :
या संपूर्ण इतिहासात सर्वाधिक उद्बोधक प्रकरण १९९२ चे आहे. अमेरिकन ज्यूइश कमिटीसाठी रोपर संस्थेने केलेल्या पाहणीत प्रश्न होता तो असा : नाझींनी ज्यूंचा संहार कधी केलाच नाही, हे आपणास शक्य वाटते की अशक्य वाटते? संहार घडला असे मानणाऱ्याने येथे ‘अशक्य’ म्हणावयाचे होते. २२ टक्के लोकांनी ‘शक्य’ असे उत्तर दिले, तर १२ टक्क्यांनी माहीत नसल्याचे सांगितले. वॉशिंग्टनमधील संहार-स्मृती संग्रहालय एप्रिल १९९३ मध्ये खुले होत असतानाच हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्याने मोठी खळबळ उडाली. एक-तृतीयांश अमेरिकन इतिहासच नाकारतात की काय, अशी भीती व्यक्त झाली. प्रश्नातील दुहेरी नकार काढून १९९४ मध्ये तीच पाहणी पुन्हा घेतली असता ‘शक्य’ म्हणणारे केवळ १ टक्का व अनिश्चित ८ टक्के उरले. लोकांचे मत दोन वर्षांत बदलले नव्हते. व्याकरण बदलले होते. संहार नाकारणारा गट या चुकीने वास्तवापेक्षा कितीतरी मोठा दिसला. ज्या वाचलेल्या ज्यूंच्या आठवणींचा हा प्रश्न होता, त्यांना त्याचा किती मनस्ताप झाला असेल, याची नोंद कोणत्याही तक्त्यात नाही.

अलीकडील प्रयत्न :
एका उंबरठ्याऐवजी पातळ्या मानण्याचा मार्ग लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर ज्यूइश पॉलिसी रिसर्चने २०१७ मध्ये अनुसरला. डॅनिएल स्टेट्स्की यांच्या या अभ्यासात ब्रिटनमधील पक्के ज्यूविरोधी सुमारे २ टक्के, सौम्य ज्यूविरोधी सुमारे ३ टक्के आढळले. परंतु किमान एक ज्यूविरोधी समजूत बाळगणारे ३० टक्के होते. द्वेष्टे मोजके असूनही ज्यू नागरिकाला त्या समजुतीशी वारंवार सामना का करावा लागतो, हे या ३० टक्क्यांवरून उलगडते. इस्रायलविरोधी मते येथे वेगळ्या प्रश्नांनी मोजली गेली, ही पद्धती एकत्रित मोजणीपेक्षा निश्चितच अधिक प्रामाणिक आहे. इस्रायलविरोध जितका तीव्र तितकी ज्यूविरोधी समजुतींची शक्यता अधिक, असे दिसून आले. तरीही इस्रायलविरोधी मते असणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी एकही ज्यूविरोधी विधान मान्य केले नव्हते.