विनाअनुदानित: १९८३ चा एक निर्णय आणि तुमच्या बीटेकचा हिशोब

सीईटीचा निकाल लागला की आमच्या बीड जिल्ह्यात घरोघरी एकच चर्चा असते: कॉम्प्युटरला प्रायव्हेट कॉलेज घ्यावं का? आणि घातलेले पैसे निघतील का? मी स्वतः प्रायव्हेट कॉलेजातून बीटेक केलंय आणि आता सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्यामुळे दरवर्षी हा प्रश्न माझ्याकडे येतोच. आज त्याचं उत्तर जरा इतिहासातून शोधू. मुळात ही कॉलेजं आली कुठून?

१९८० च्या आसपासचा मराठवाडा डोळ्यासमोर आणा. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९६० पासूनचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज. नांदेडला १९८१ मध्ये श्री गुरु गोबिंदसिंगजी कॉलेज सुरू झालं. पुण्याचं सीओईपी १८५४ चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं, पण तिथे सीट मिळणं म्हणजे लॉटरीच. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांची मुलं डोनेशन भरून कर्नाटकात जायची. ज्यांच्याकडे नव्हता, त्यांचा विषय तिथेच संपायचा.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. सरकारकडे नवीन कॉलेजं काढायला पैसा नाही, आणि आपल्या मुलांचा पैसा शेजारच्या राज्यात चाललाय. दादांनी खाजगी संस्थांना परवानगी दिली, एका अटीवर: सरकार अनुदान देणार नाही. म्हणून शब्द आला 'विनाअनुदानित'. हा शब्द नीट समजून घ्या. प्राध्यापकांचा पगार, लॅब, इमारत, सगळा खर्च विद्यार्थ्याच्या फीमधून निघणार, असा त्याचा अर्थ. तुमच्या फीच्या पावतीवरचा आकडा तिथून सुरू होतो.

त्याच वर्षी पुण्यात एमआयटी, पीआयसीटी, भारती विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. मग हे लोण जिल्ह्याजिल्ह्यात, आपल्या मराठवाड्यातही पोचलं. काही संस्था शिक्षकांनी उभ्या केल्या. पण बऱ्याच ठिकाणी साखर कारखाने आणि सहकारी बँका चालवणारी पुढारी मंडळीच अध्यक्ष झाली. 'साखरसम्राट' या शब्दाला 'शिक्षणसम्राट' हा जोडीदार मिळाला तो असा. आपल्या बीडसाठी याला आणखी एक बाजू आहे. ज्या पश्चिम महाराष्ट्रात आपल्याकडची माणसं कोयता घेऊन सहा-सहा महिने ऊसतोडीला जात आली, तिथल्याच कॉलेजांत पुढे आपल्याकडची पोरं होस्टेलवर राहून शिकायला गेली.

आता भांडण सुरू झालं ते फीवरून. डोनेशन बेफाम वाढलं म्हणून महाराष्ट्राने १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा केला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सुप्रीम कोर्टाने निम्म्या जागा 'फ्री सीट' आणि निम्म्या 'पेमेंट सीट' केल्या. २००२ च्या टीएमए पै निकालाने ती योजनाच गेली. कोर्ट म्हणालं, संस्थेला फी ठरवायचा हक्क आहे, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन चालणार नाही. आज महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आहे, आणि प्रत्येक कॉलेजची मंजूर फी तेच ठरवतं. म्हणजे कॉलेज सांगतं तो आकडा अंतिम नसतो. तो तपासता येतो.

पण या कॉलेजांची किंमत खरी वाढवली ती सॉफ्टवेअर कंपन्यांनी. नव्वदच्या दशकानंतर टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्यांना माणसं हजारोंनी लागायला लागली. त्या सिव्हिल, मेकॅनिकलची पोरंही घ्यायच्या आणि स्वतः ट्रेनिंग द्यायच्या. त्यांना हवी होती डिग्री आणि ठरावीक टक्के. कॉलेजने काय शिकवलं हा प्रश्न मागे पडला. विनाअनुदानित डिग्री म्हणजे गेटपास झाली. आमच्या पिढीतल्या कित्येक घरांत पहिला पक्का पगार याच गेटपासवर आला, हे मान्य करायलाच हवं.

अडचण अशी की गेटपासची किंमत गेटवरच्या गर्दीवर ठरते. भरती जोरात असेल तर साधं कॉलेजही चालून जातं. भरती थंडावली की कंपनी विचारते, तुला येतं काय? माझ्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या फाइली सीनियरच्या फाइलीवरून उतरवल्या जायच्या. कामाला लागणारं गिट, डेटाबेस, लिनक्स आम्ही रूमवर एकमेकांकडून शिकलो. तरी ती रूम, ती मुलं आणि कॅम्पसला येणारी कंपनी मला कॉलेजमुळेच मिळाली. माझ्या मते फी त्यासाठीच असते. सिलॅबस तर एकाच विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत जवळपास सारखाच असतो.

मग हिशोब कसा करायचा? आपल्याकडे 'उचल' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. एज्युकेशन लोनचंही तसंच. हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, पण व्याजाचं मीटर आधीपासून चालू असतं. म्हणून तीन गोष्टी बघा. एक, प्रवेश कॅप राउंडमधूनच घ्या. शिष्यवृत्ती आणि फी सवलत तिथे लागू होते, प्रवर्गानुसार पूर्ण किंवा निम्मी. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. दोन, मागच्या दोन बॅचच्या पोरांना फोन करून विचारा, किती जणांना नोकरी लागली आणि कितीवर. ब्रोशरवरचं 'हायेस्ट पॅकेज' एकाच मुलाचं असतं. तीन, सवलत वजा जाता उरलेला खर्च, होस्टेल-मेस धरून, साध्या फ्रेशर पगारातून चार-पाच वर्षांत फिटतो का ते कागदावर मांडा.

फिटत असेल तर जरूर जा. शेत विकून मॅनेजमेंट कोट्यातून जायची वेळ येत असेल, तर मी नाही म्हणेन. त्यापेक्षा सरकारी कॉलेजातली दुसरी ब्रँच किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स बघा.

१९८३ ला सरकारने खर्चाची जबाबदारी आपल्या घरांवर टाकली. मग हिशोब मागायचा हक्कही आपलाच आहे. तो मागा. हा भाग ज्याच्या घरी सध्या ऑप्शन फॉर्म भरायचं चाललंय त्याला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात.