छत्री कुठली घ्यायची? इंदूरच्या मराठी घरांतल्या टीव्हीची हकीकत

आपल्या इंदुरात 'छत्री' म्हटलं की जुन्या लोकांना होळकरांच्या छत्र्या आठवतात. पण २००६ ते २०१० या काळात रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगरच्या मराठी घरांत 'तुम्ही छत्री कुठली घेतली?' असं कुणी विचारलं, तर तो प्रश्न गच्चीवरच्या पत्र्याच्या वाडग्याबद्दल असायचा. हळदीकुंकवाला, गणपतीच्या आरतीनंतर, नाटकाच्या मध्यंतरात, सगळीकडे हाच विषय. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना याचं हसू यायचं. त्यांचं बरोबरच होतं, कारण टीव्ही घेतला की त्यात मराठी दिसणार हे तिकडे गृहीतच होतं. आपल्याकडे ते कधीच गृहीत नव्हतं.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून ते पुण्यात दिसू लागलं. 'गजरा', 'चिमणराव गुंड्याभाऊ' यांच्या गोष्टी आपण सुट्टीत मामाकडे गेल्यावर ऐकायच्या, किंवा तिथेच बसून एखादा भाग पाहायचा. इंदुरात ऐंशीच्या दशकात टीव्ही आला तो दिल्लीचा. रामायण, महाभारत, बुनियाद सगळं पाहिलं, आवडीनं पाहिलं, पण घरात बोलायची भाषा पडद्यावर नव्हती. ज्यांचे नातेवाईक मुंबईला होते आणि ज्यांच्याकडे व्हीसीआर होता (असे थोडेच), त्यांच्याकडे तीन तासांची कॅसेट यायची, अवंतिका एक्सप्रेसनं येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून. ती गल्लीभर फिरून परत यायची तेव्हा चित्राला मुंग्या आलेल्या असायच्या.

१९९४मध्ये दूरदर्शनची मराठी वाहिनी उपग्रहावर गेली. हीच पुढे 'सह्याद्री' झाली. कागदावर ती देशभर दिसत होती. पण त्या काळच्या प्रक्षेपणासाठी आठ-दहा फुटांची तबकडी लागायची, आणि ती असायची केबलवाल्याच्या गच्चीवर. १५ ऑगस्ट १९९९ला 'अल्फा मराठी' आली, म्हणजे आजची झी मराठी. २०००मध्ये हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून 'ईटीव्ही मराठी' सुरू झाली. (मराठी वाहिनी हैदराबादहून चालते याचा आमच्या काकांना फार अभिमान होता. 'बघा, महाराष्ट्राबाहेरच्यांनीच काढली' असं ते म्हणायचे. मालक तेलुगू होते हे कुणी त्यांना सांगितलं नाही.)

वाहिन्या झाल्या, पण आपल्या घरात येणार कशा? सगळं केबलवाल्याच्या मर्जीवर. त्याच्या तारेत मावतील तेवढ्याच वाहिन्या तो द्यायचा, आणि जागेला किंमत होती. मराठीसाठी पंधरा-वीस घरांनी मिळून सांगावं लागायचं. आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याचं ठरलेलं उत्तर होतं, 'भिया, मराठी देखता कौन है इधर?' समोर दहा मराठी माणसं उभी असताना! शेवटी लावायचा, पण अगदी शेवटच्या नंबरावर, जिथे जुन्या टीव्हीत चित्र धड यायचंच नाही. क्रिकेटचे सामने सुरू झाले की सर्वांत आधी काढली जायची तीही मराठीच.

म्हणून छत्री आली तेव्हा तिचं अप्रूप आपल्याला इतरांपेक्षा जास्त होतं. २००३मध्ये डिश टीव्ही, डिसेंबर २००४मध्ये दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस, ऑगस्ट २००६मध्ये टाटा स्काय, आणि २००८मध्ये एअरटेल, बिग टीव्ही. दादरच्या घरात जे दिसतं तेच, त्याच क्षणी, सुदामा नगरात. मधे कुणी 'देखता कौन है' विचारणारा नाही.

पण निवड सोपी नव्हती. डीडी डायरेक्टला महिन्याचे पैसे नाहीत, एकदा डबा-छत्री घेतली की संपलं. त्यात सह्याद्री होती. ज्यांना बातम्या, नाट्यसंगीत, कीर्तन पुरेसं होतं अशा कितीतरी आजी-आजोबांनी तेवढ्यावरच भागवलं, आणि माझ्या मते त्यात काही कमीपणा नव्हता. पण सुनांना झी मराठी हवी असायची. डिश टीव्ही झीच्याच घरातली, टाटा स्काय टाटा आणि स्टार यांची. एकाच्या वाहिन्या दुसऱ्याच्या छत्रीत याव्यात म्हणून सुरुवातीला पार न्यायाधिकरणापर्यंत भांडणं गेली. तेव्हा 'कुठली छत्री' याचा खरा अर्थ 'कुठलं कुटुंब' असा होता.

मग दिशेचा प्रश्न. हे उपग्रह विषुववृत्तावर, जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर, म्हणजे आपल्यासाठी दक्षिणेच्या आकाशात. टाटा स्काय ज्या इन्सॅट ४ए वरून यायचं तो ८३ अंश पूर्वेला. इंदूरहून पाहिलं तर दक्षिणेपासून थोडाच पूर्वेकडे झुकलेला, आणि क्षितिजापासून साठ अंशांहून वर. डिश टीव्हीचा ९५ अंशांवर, म्हणजे चांगलाच आग्नेयेला. गच्ची स्वतःची असेल तर काही फरक नाही. पण तोवर मराठी मंडळी वाडे, बंगले सोडून फ्लॅटमध्ये जाऊ लागली होती. ज्यांची बाल्कनी उत्तरेला त्यांना सोसायटीच्या गच्चीची परवानगी आणि लांबलचक वायर लागायची. बाल्कनी पूर्वेला, समोर आंब्याचं झाड, तरी आग्नेयेचा कोपरा मोकळा, अशा एका ओळखीच्या घरात दोन कंपन्यांपैकी एकच बसू शकत होती. तिथे निवड घरच्यांनी केलीच नाही, आंब्यानं केली.

छत्री बसवणारा मुलगा ती अपेक्षेपेक्षा बरीच उभी लावायचा. 'उपग्रह तर वर आहे, मग ही समोर का बघते?' असं आजोबा लोक हमखास विचारायचे. त्या वाडग्याचा आकारच असा की किरण वरून तिरके येतात आणि पुढच्या दांड्यावरच्या डोळ्यात गोळा होतात. उताणी ठेवली असती तर पावसाचं पाणी साठलं असतं. पाऊस तसाही वैरीच. छोट्या छत्रीच्या लहरी आखूड, मुसळधार पावसात त्या वाटेतच जिरतात. केबलवाल्याच्या मोठ्या तबकडीच्या लहरी लांब, त्यांना पावसाचं फारसं काही वाटत नाही. त्यामुळे श्रावणात शेजारच्या केबलवर सगळं सुरळीत आणि आपल्या पडद्यावर 'सिग्नल नाही'. केबलवाला तेव्हा मुद्दाम वर बघत जायचा.

त्यानंतर पॅक. आपण मध्य प्रदेशात, म्हणून मिळायचा तो हिंदी पॅक. मराठी वेगळी जोडायची, तिचे वेगळे पैसे. दुकानदार म्हणायचा, 'मराठी का अलग से लगेगा, आंटी.' रक्कम मोठी नव्हती. पण दोन-दोनशे वर्षं या गावात राहून आपली भाषा 'अलग से' आहे, हे बिलावर छापून आलेलं वाचणं काही जणांना बोचायचं. आमच्या आईनं मात्र बिल पाहून सांगितलं होतं, 'अलग से का होईना, येते ना? द्या पैसे.'

२००८मध्ये टाटा स्काय प्लस आलं. डब्याच्या पोटात १६० जीबीची हार्ड डिस्क, सुमारे ४५ तास मावणार, एक वाहिनी बघताना दुसरी साठवता येणार. त्यासाठी छत्रीपासून डब्यापर्यंत दोन वायरी आणाव्या लागत. बरेच जण एकच आणत आणि मग दोन्ही कामं एकदम का होत नाहीत म्हणून वैतागत. साधा डबा स्वस्त असताना इतके पैसे कशाला, असं पुष्कळांनी विचारलं. पण तेच सा रे ग म प लिटिल चॅम्प्सचे दिवस होते. २००९च्या फेब्रुवारीत कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा इंदूरच्या कितीतरी घरांत मुलं ती गाणी थांबवून, मागे नेऊन, पुन्हा ऐकत होती. हिंदी शाळेत शिकणारी, 'ळ' म्हणताना अडखळणारी मुलं एकेका ओळीचा उच्चार घासून घेत होती. त्या डब्याचा एवढा उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. नातवंडांना मराठी यावं म्हणून आपण वर्ग काढले, स्पर्धा घेतल्या, पण 'मागे घे ना परत' हे मुलांनी स्वतःहून म्हटलं ते इथेच.

आमच्याकडेही तो डबा आला. गिरगावच्या आत्यांच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम सह्याद्रीवर झाला, तो त्यात साठवला. आत्या दुसऱ्या रांगेत, टाळ घेऊन. एका गजराच्या वेळी कॅमेरा त्यांच्यावर थांबतो, पाच-सहा सेकंद. ते रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये म्हणून कुलूप लावलेलं होतं. मालिका यायच्या, पुसल्या जायच्या, हे राहायचं. आत्या २०१२मध्ये गेल्या. त्यानंतर पाडव्याला, दिवाळीला बाबा ते एकदा लावायचेच.

दोन वर्षांनी डबा बंद पडला. तंत्रज्ञ आला, नवा डबा देऊन जुना घेऊन निघाला. बाबांनी विचारलं, 'यातलं त्यात घालता येईल ना?' तो म्हणाला, नाही. अशा डब्यांतलं रेकॉर्डिंग सांकेतिक कुलपात असतं, त्याच डब्यात, त्याच कार्डावर चालतं. डिस्क काढून संगणकाला लावली तरी आत काय आहे ते कळत नाही. कॅसेट खराब व्हायची, पण ती आपली होती. हातात धरता येत होती, कुणाला देता येत होती. बाबा त्या मुलाला काही बोलले नाहीत. चहा घेऊन जा म्हणाले.

लोकमान्य नगरातल्या एका काकांनी जुना व्हीसीआर टाकला नव्हता. डब्याच्या मागच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरी व्हीसीआरला जोडून ते आवडलेले कार्यक्रम कॅसेटवर उतरवून ठेवायचे. चित्र थोडं पुसट यायचं. लोक त्यांना हसायचे. आज त्यांच्या घरी चाळीसेक कॅसेट आहेत, आणि त्या डिजिटल करून घ्यायचं काम त्यांच्या नातीनं अंगावर घेतलंय.

पुढचं थोडक्यात. मार्च २०१३च्या मुदतीनं इंदूर, बडोदे अशा शहरांत केबललाही डबा आला आणि तारेतली जागा वाढली, मराठी शेवटच्या नंबरावरून सुटली. फेब्रुवारी २०१९पासून ट्रायच्या नियमानं हवी ती वाहिनी एकेकटी निवडता येऊ लागली. तेव्हा १३० रुपये अधिक कर, त्यात शंभर वाहिन्यांची जागा, आणि सशुल्क वाहिनीचे पैसे वेगळे असा हिशोब होता. म्हणजे हिंदीही 'अलग से' आणि मराठीही 'अलग से'. आईनं पहिल्या यादीत सगळ्या मराठी टिपून घेतल्या आणि मग बाबांना विचारलं, 'तुम्हाला हिंदी एखादी हवी का?'

आत्यांच्या त्या कार्यक्रमाचं एवढंच उरलंय की माझ्या भाच्यानं एका दिवाळीला टीव्हीसमोर मोबाइल धरून अर्ध्या मिनिटाचं चित्रण केलं होतं. त्यात टाळांपेक्षा पंख्याचा आवाज मोठा आहे आणि मधे कुणीतरी 'फराळाला या' म्हणतं. बडोदे, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादच्या मंडळींपैकी कुणाच्या डब्यात, कॅसेटवर सह्याद्रीचे असे भजनी मंडळांचे जुने कार्यक्रम असतील, तर खाली जरूर लिहा.