डाग समजून पुसलेला ‘ए’

लग्नपत्रिकेवर ‘चि. सौ. कां.’ असं छापलेलं असतं. आपण कुणीच तिथे अडखळत नाही. पण चारशे वर्षांनी ती पत्रिका पुस्तकातून मराठी शिकलेल्या एखाद्या परक्या माणसाच्या हातात पडली तर? गेल्या पावसाळ्यात मी तसाच परका माणूस झालो होतो.

आमच्या टीममधला एक इंग्रज सहकारी आपल्या घराण्याची वंशावळ लावत होता. मी हस्ताक्षर वाचणाऱ्या मॉडेलवर काम करतो, म्हणून त्याने मला सतराव्या शतकातल्या चर्चच्या नोंदवहीचे फोटो पाठवले. एका वीकेंडचं काम आहे, असं मी त्याला बेधडक सांगून टाकलं.

या वह्या सुरू झाल्या १५३८ मध्ये. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद झालीच पाहिजे. गावातली माणसं इंग्रजी बोलत, पण अनेक पाद्री नोंदी करत लॅटिनमध्ये.

हे लॅटिन तसं अवघड नाही. तेच तेच शब्द परत येतात. ‘बाप्टिझाटस’ म्हणजे बाप्तिस्मा झाला, ‘सेपुल्टस’ म्हणजे पुरला, ‘फिलियस’ म्हणजे मुलगा. ‘विदुआ’ म्हणजे विधवा, आणि हे दोन्ही शब्द खरोखरच एका कुळातले आहेत. मुलगी असेल तर शेवट बदलतो: बाप्टिझाटा, सेपुल्टा, फिलिया. आपल्याकडे ‘गेला’चं ‘गेली’ होतं, तसंच.

छळतं ते अक्षर. आय, एम, एन, यू ही सगळी सारख्याच उभ्या रेघांची बनलेली, त्यामुळे ‘मिनिमम’सारखा शब्द नुसतं कुंपण दिसतो. त्यात संक्षेप. अक्षरावर आडवी रेघ असेल तर पुढचा एम किंवा एन गाळलेला असतो. शब्दाच्या शेवटी वर चढवलेलं छोटं अक्षर असेल, तर मधलं गाळून फक्त शेवट दिलेला असतो.

मी नेहमीप्रमाणे आधी फोटो साफ केले. ठरावीक आकाराहून लहान असलेले सुटे ठिपके उडवून लावणारा एक फिल्टर मी सगळीकडे वापरतो. मग मॉडेल चालवलं. एप्रिल १६३८ च्या एका बाप्तिस्म्यात नाव मिळालं ‘फिलिप’, पुढे ‘फिल’, पुढे बापाचं नाव. फिलिप म्हणजे मुलगा, विषय संपला. त्याच बापाच्या नावावर एक दफनही होतं, पूर्ण अक्षरांत: ‘फिलिपा फिलिया’, फेब्रुवारी १६३८. ही मुलगी, आणि तीही दोन महिने आधीच गेलेली. म्हणजे वेगळं मूल, असं ठरवून मी पुढे सरकलो.

सहकाऱ्याने वंशावळीत फिलिप लिहिला आणि त्याचं लग्न शोधायला लागला. कित्येक आठवडे शोधूनही काही सापडेना. शेवटी त्याने मला एकच प्रश्न विचारला: फेब्रुवारी आधीचा असेल, तर ती नोंद वहीत एप्रिलच्या नंतर कशी?

उत्तर कॅलेंडरमध्ये होतं. इंग्लंडमध्ये तेव्हा सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. १ जानेवारीला नवं वर्ष धरण्याची पद्धत तिथे कायद्याने आली ती १७५२ मध्ये. म्हणजे १६३८ चा फेब्रुवारी हा १६३८ च्या डिसेंबरनंतरचा, आपल्या हिशेबाने १६३९ चा.

मी मूळ फोटो उघडून झूम केला. ‘फिल’च्या शेवटी, थोडा वर, पुसट आणि सुटा असा छोटा ‘ए’ होता. नावाच्या शेवटीही तसाच. फिलिया. फिलिपा. माझ्या फिल्टरने दोन्ही ‘ए’ डाग समजून पुसले होते. त्या काळी इंग्रजीत फिलिप हे नाव मुलींनाही ठेवत. लॅटिनमधल्या शेवटावरूनच मुलगा की मुलगी ते कळे, आणि नेमका तो शेवटच मी उडवला होता.

२५ मार्च १७३३ पासून इंग्लंडच्या न्यायालयांचे कागद इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात आणि संक्षेप न करता लिहावेत, असा कायदा लागू झाला. आपल्याबद्दल काय लिहिलंय तेच लोकांना कळत नव्हतं, ही त्यामागची तक्रार. ती मला आता पटते. पण त्या पाद्र्याने काही चुकवलं नव्हतं. त्याने मुलीची नोंद नीट केली होती. तिला पुसणारा मी होतो.

सहकाऱ्याने वंशावळ दुरुस्त केली. फिलिपा, दहा महिने. फिल्टर मी अजून वापरतो, पण तो जे उडवतो ते आता एका वेगळ्या फोल्डरमध्ये जमा होतं. रात्री जेवण झालं की मी ते ठिपके एकेक करून बघतो. बहुतेक डागच असतात.